सायकल डोळ्यांनी घ्यावी की हातांनी?

प्रश्न : आमची मुलगी यंदा आठवीत गेली. घरापासून शाळा साडेचार किलोमीटर. वाटेत एक चांगलाच चढ आहे आणि सुरुवातीचा अर्धा किलोमीटर पांदण रस्ता. सायकल घ्यायला गेलो तर दुकानदारानं एकाच किमतीच्या दोन दाखवल्या. एक काळी-पोपटी, जाड टायरची, पुढे-मागे शॉकअप, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आणि २१ गिअर. दुसरी साधी, एकरंगी, मडगार्ड-कॅरिअरवाली. मुलीला अर्थातच पहिली हवी. तिचे आजोबा म्हणतात, दुसरी घ्या, पहिलीत नुसता देखावा आहे. दुकानदार म्हणतो, एवढ्या पैशात एवढं सामान मिळतंय तर सोडता कशाला? खरं कोणाचं?
– एक वाचक, पुसद तालुका

उत्तर : तिघांचंही थोडं थोडं खरं आहे. पारडं आजोबांकडे झुकतं, पण त्यांचं कारण चुकलंय. देखणी ती वाईट आणि साधी ती चांगली, असा काही नियम नाही. साधी दिसणारी सायकलही आतून पोकळ निघू शकते. खरी मेख दुकानदाराच्या वाक्यात आहे. ‘एवढ्या पैशात एवढं सामान’ हे तो कौतुकानं म्हणाला. आपण ते जरा शंकेनं ऐकायला हवं.

लग्नातल्या पंगतीचं बघा. केटररशी माणशी दर ठरला, आणि नंतर तुम्ही म्हणालात, दर तोच ठेवा पण पाच पदार्थ वाढवा. तो वाढवेल. फक्त शिऱ्यात तूप किती आणि बासुंदीत दूध किती, हे मग विचारायचं नाही. सायकलीचंही असंच आहे. पहिल्या सायकलीवर दोन शॉकअप, दोन डिस्क, गिअर बदलणाऱ्या दोन यंत्रणा, त्यांच्या केबल आणि हँडलवरचे खटके एवढं सामान जास्तीचं आहे. कारखानदार त्याचे पैसे पदरचे घालत नाही. किंमत तीच ठेवायची तर ते सायकलीच्याच दुसऱ्या कुठल्यातरी भागातून काढावे लागतात. आणि ते काढले जातात जिथे गिऱ्हाइकाची नजर पोचत नाही तिथून.

नजर न पोचणारी जागा म्हणजे मुख्यतः जिथे काहीतरी फिरतं ती. चाकाच्या मधोमध हब असतो. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक वाटी, वाटीत छर्रे आणि त्यांना दाबून धरणारा कोन. चाक या छर्ऱ्यांवर फिरतं. वाटी-कोनाचं पोलाद कडक आणि गुळगुळीत असेल तर वर्षाकाठी एकदा ग्रीस भरलं की पुष्कळ वर्षं बघायला नको. ते मऊ असेल तर काही महिन्यांतच कोनावर खळगे पडतात. छर्रे त्यात अडखळतात आणि चाक डुलायला लागतं. चाक डुललं की रिम ब्रेकला घासते, म्हणून ब्रेक सैल करावा लागतो, आणि सैल केलेला ब्रेक वेळेला लागत नाही. तुम्ही दुकानात तक्रार घेऊन जाता ती ब्रेकची, दुखणं असतं हबाचं. पायडलच्या दांड्या फ्रेममध्ये शिरतात तिथेही हेच वाटी-छर्ऱ्यांचं प्रकरण आहे, आणि तिथे तर मुलीचं सगळं वजन आळीपाळीनं पडतं.

(या निमित्तानं एक गंमत. आपल्याकडे सायकल ‘ओव्हरऑइल’ करतात. मूळ शब्द ओव्हरहॉल, म्हणजे सगळं खोलून, धुऊन, नव्यानं बसवणं. ऑइलचा त्यात संबंध नाही, पण शब्द इतका पक्का बसलाय की काही लोक खरंच वरून तेलाचे चार थेंब सोडतात आणि ओव्हरऑइल झालं म्हणतात.)

आता शॉकअपकडे वळू, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथे आहे. ‘आपले रस्ते खराब, मग शॉकअप हवाच’ हे बोलणं अगदी पटण्यासारखं आहे. पण खऱ्या शॉकअपमध्ये दोन गोष्टी लागतात. एक स्प्रिंग, जी धक्का पोटात घेते. दुसरी, त्या स्प्रिंगला लगाम घालणारी तेलाची किंवा हवेची योजना, जिच्यामुळे पोटात घेतलेला धक्का हळूहळू जिरतो. मोटरसायकलीत या दोन्ही असतात. स्वस्त सायकलीत बहुधा नुसती स्प्रिंग असते. ती धक्का घेते आणि लगेच परत करते. बाजेवर उड्या मारणाऱ्या पोराला जे होतं, तेच मग बसणाऱ्याला होतं.

चढावर तर हा प्रकार महागात पडतो. चढ आला की मूल सीटवरून उठतं आणि उभं राहून पायडल मारतं. प्रत्येक पायडलीला मागची स्प्रिंग दबते आणि सुटते. जी ताकद चाक फिरवायला जायची तिच्यातली काही स्प्रिंग दाबण्यात जाते. पुसदला कोणत्याही बाजूनं जा, डोंगर आडवा येतोच. तुमच्या चढावर रोज सकाळी दप्तरासकट हा कर भरावा लागेल. शिवाय मागचा शॉकअप ज्या सांध्यावर हलतो तिथे अनेकदा प्लॅस्टिकचं बुश असतं. ते झिजलं की सायकलीचं मागचं अंग पुढच्या अंगाचं ऐकेनासं होतं. आणखी एक गोष्ट दुकानात लक्षात येत नाही. मागे शॉकअप असलेल्या सायकलीला साधं कॅरिअर नीट बसत नाही. म्हणजे दप्तर पाठीवर. एप्रिलमध्ये आपल्या जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पाठीवरचं दप्तर काय असतं ते मुलीलाच विचारा.

मग खड्ड्यांचं काय? लहानसहान धक्के पोटात घेण्याचं काम टायरमधली हवा फार चांगलं करते. म्हणून तर १८८८ साली डनलॉपनं हवेचा टायर आणल्यावर भरीव रबराच्या टायरांचे दिवस भरले. टायरच्या कडेला हवेचा दाब छापलेला असतो. तो पाहून हवा भरली आणि टायर बोटभर जास्त रुंद घेतला, तर या किमतीतल्या शॉकअपचं बरंचसं काम होऊन जातं.

रुंद टायर म्हटलं की लोकांना वाटतं, तो पंक्चर होणार नाही. इथे रुंदी आणि जाडी यांची गल्लत होते. टायर हातभर रुंद असला तरी रस्त्याला टेकणाऱ्या रबराची जाडी काही मिलिमीटरच असते. आपल्याकडे शेताच्या धुऱ्यावर कुंपणाला बाभळीच्या फांद्या टाकतात. त्यातला काटा बोटाच्या दोन पेरांएवढा लांब असू शकतो. त्याच्यापुढे रुंद आणि अरुंद दोन्ही टायर सारखेच. सराट्यांची गोष्ट निराळी. ते लहान असतात, त्यामुळे जाड रबराचा टायर त्यांना पुष्कळदा दाद देत नाही. तेव्हा टायर दाबून बघा, रबराची जाडी चाचपा. वरची नक्षी कितीही राकट असली तरी तिच्यावर जाऊ नका.

गिअरच्या बाबतीत मात्र मुलीची बाजू अगदी पडकी नाही. थोडं गणित करू. बिनगिअरच्या सायकलीत पुढच्या चक्रीला ४४ दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ असतील, तर एका पायडलीत मागचं चाक २.४४ वेळा फिरतं. २६ इंची चाकाचा घेर साधारण दोन मीटर. म्हणजे एका पायडलीत जवळजवळ पाच मीटर. सपाटीवर हे छान, पण चढावर एका दमात पाच मीटर ओढणं जड जातं. गिअरमुळे तुम्ही ठरवू शकता की चढावर एका पायडलीत पावणेतीनच मीटर जायचं. वेळ जास्त लागतो, पण गुडघे सुखी राहतात. गिअरची सायकल पळते, हा समज म्हणूनच अर्धवट आहे. गिअरचा खरा उपयोग चढावर न उतरता जाता येण्यात आहे.

पण २१ कशाला? पुढे तीन चक्र्या, मागे सात, म्हणून तीन सत्ते एकवीस. समजा पुढे ४२, ३४ आणि २४ दाते आहेत आणि मागे १४ पासून २८ पर्यंत. आता पुढची ४२ आणि मागची २४ घ्या : चाक १.७५ वेळा फिरतं. पुढची ३४ आणि मागची २० घ्या : १.७. पुढची २४ आणि मागची १४ : १.७१. तीन निरनिराळे गिअर आणि पायाला काम एकच! असे जुळे-तिळे काढून टाकले तर एकवीसमधले खरे वेगळे गिअर त्याहून बरेच कमी उरतात. पुढे ३८ दात्यांची एकच चक्री आणि मागे सात असली तरी तळाचा गिअर पावणेतीन मीटरचा आणि वरचा जवळजवळ साडेपाच मीटरचा मिळतो. शाळकरी मुलीला याहून जास्त काही लागत नाही. पुढची गिअर बदलणारी यंत्रणा वाचते आणि तिचं रोजचं रुसणंही वाचतं.

गिअरचं एक दुखणं सांगून ठेवतो. मागचा गिअर बदलणारा भाग चाकाच्या उजवीकडे खाली लोंबत असतो. शाळेच्या कुंपणाला शे-दीडशे सायकली टेकलेल्या असतात. सुट्टीत एकीला धक्का लागला की पत्त्यांच्या घरासारख्या सगळ्या आडव्या. सायकल उजव्या अंगावर पडली की तो भाग ज्या पट्टीवर टांगलेला असतो ती वाकते. दुसऱ्या दिवशी चढावर सगळ्यात जास्त दात्यांच्या गिअरला लावायला गेलं की तो भाग सरळ स्पोकमध्ये शिरतो. त्यात काळ्या मातीचा चिखल भरला तर आणखीच. तेव्हा गिअरची सायकल घेतली तर डाव्या बाजूला कलणारा स्टँड पक्का आहे ना ते बघा, आणि मुलीला ती टेकवून ठेवायची सवय लागू देऊ नका. वणी-मारेगावकडच्या किंवा राळेगावच्या वर्धा नदीकाठच्या सपाट गावांतून हाच प्रश्न आला असता तर मी गिअर घेऊच नका म्हटलं असतं.

ब्रेकबद्दल आजोबांना एक गोष्ट ऐकवायला हवी. जुन्या सायकलींच्या चकचकीत क्रोमच्या रिमा दिसायला सुंदर, पण ओल्या झाल्या की रबर त्यांच्यावर घसरतं आणि सायकल थांबायला कितीतरी लांब जाते. ‘आमच्या वेळच्या भक्कम सायकली’ या बाबतीत खरोखर देखाव्याच्या होत्या. अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची, म्हणजे ‘अ‍ॅलॉय’ची रिम ओली असताना बरीच चांगली धरते. डिस्क ब्रेकचा फायदा असा की चकती चिखलापासून वर असते. पण स्वस्तातली केबलवर चालणारी डिस्क वरचेवर जुळवून घ्यावी लागते, चकती जराशी वाकली तरी करकर सुरू होते आणि तिचं पॅड गावातल्या दुकानात मिळेलच असं नाही. रिमवर दाबणाऱ्या ब्रेकचं रबर मात्र कुठल्याही पानठेल्याशेजारच्या पंक्चरवाल्याकडे मिळतं. मी असतो तर अ‍ॅलॉय रिम आणि साधा ब्रेक घेतला असता. या किमतीत डिस्क म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

हे ‘गावात मिळतं का’ फार महत्त्वाचं आहे. सोनीपतला १९५१ साली सुरू झालेली अ‍ॅटलास कंपनी आठवत असेल. तिचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनीच, बंद झाला. तरी ज्यांच्या घरी जुनी अ‍ॅटलास होती त्यांचं काही अडलं नाही. टायर, ट्यूब, छर्रे, फ्रीव्हील सगळं सर्रास चालणाऱ्या मापांचं होतं. सायकल घेताना टायरवरचा आकडा वाचा आणि तुमच्या नेहमीच्या पंक्चरवाल्याला विचारा, हे माप ठेवतोस का? त्यानं डोकं खाजवलं तर ती सायकल दुकानातच राहू द्या.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे सुटे भाग बघून घ्यावी. थांबा, त्यातही एक खोच आहे. काही जण मागच्या गिअरवर ‘शिमानो’ लिहिलंय एवढं बघून सायकल घेतात. कंपनी खरीच नावाजलेली आहे. १९२१ साली जपानमधल्या साकाई शहरात ती सुरू झाली आणि तिनं पहिल्यांदा बनवलं ते फ्रीव्हील. पण सायकलीच्या सगळ्या सुट्या भागांत गिअरचा तो मागचा भाग सगळ्यात आधी डोळ्यांत भरतो. म्हणून कारखानदार तेवढा नावाचा बसवतात आणि हब, चेन, फ्रीव्हील, क्रँक बिननावाचे. म्हणजे गुण बघणारं गिऱ्हाईकही शेवटी रूपच बघून गेलं, फक्त त्याला तसं वाटलं नाही. फ्रेमवरच्या नावाचंही तेच. कंपनी फ्रेम बनवते, बाकीचे बरेच भाग बाहेरून येतात आणि एकाच कंपनीच्या दोन सायकलींत ते वेगळे असतात.

वजनाबद्दल थोडक्यात. मुलगी ४० किलोची, दप्तर ५ किलोचं आणि सायकल १९ ऐवजी १६ किलोची, तर एकूण ओझं ६४ वरून ६१ वर येतं. फरक आहे, पण साधारण विसात एकच. जड म्हणजे मजबूत हे खोटं आणि हलकी म्हणजे चढ संपला हेही खोटं.

आता मुलीच्या बाजूनं. रूपाला किंमत नाही असं मी म्हणणार नाही. सायकलवाले हे केव्हाच ओळखून आहेत. नॉटिंगहॅमची रॅले कंपनी, जिचं नाव आपल्याकडे आजोबा-पणजोबा अभिमानानं घेत, तिनं १९७० साली इंग्लंडच्या बाजारात ‘चॉपर’ नावाची सायकल आणली. पुढचं चाक लहान, मागचं मोठं, उंच हँडल, लांबोडकी सीट आणि मोटारीसारखा गिअरचा दांडा. जड होती, वेगात डुलायची. पण पोरांनी आईबापांचा जीव खाऊन ती घ्यायला लावली आणि रात्रंदिवस चालवली. सायकलीचा पहिला उपयोग ती चालवली जाण्यात आहे. तेरा वर्षांच्या मुलीला जी सायकल शाळेच्या फाटकातून आत नेताना लाज वाटते, ती उत्तम हबासकट पडवीत उभी राहते. तेव्हा रंग तिचा तिला निवडू द्या. रंगाला कारखान्यात फारसा खर्च येत नाही आणि त्यासाठी कुठलाही छर्रा मऊ करावा लागत नाही.

पण रूप आणि सुटे भाग या दोन्हींच्या आधी माप येतं, आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही. ‘वाढत्या अंगाची’ म्हणून मोठी सायकल घेणं ही आपली जुनी खोड. सायकल काही परकर नाही. मुलीला सीटवर बसवा, टाच खालच्या पायडलवर ठेवायला सांगा. गुडघा जेमतेम सरळ झाला की सीटची उंची बरोबर. आणि उतरून उभी राहिली की दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकले पाहिजेत. हे जमत नसेल तर बाकी काही बघू नका. सीट सगळी खाली घेऊनही जमत नसेल तर ती सायकल तिची नाही.

माप जुळलं की दोन्ही सायकली हातांनी तपासा. खिशात एक छोटं लोहचुंबक न्या, जुन्या स्पीकरमधलंही चालेल. रिमला लावा. चिकटलं तर लोखंड आहे, ‘अ‍ॅलॉय’चं स्टिकर काहीही म्हणो. पुढचं चाक उचलून हळूच फिरवा. चांगलं चाक एकदम थांबत नाही. ते झोक्यासारखं मागे-पुढे होऊन वॉल्व्ह किंवा दुसरी जड बाजू खाली आणून शांत होतं. फिरताना रिम डावी-उजवीकडे लचकत असेल तर आउट आहे. पायडलची दांडी धरून आडवी हलवा, टकटक लागली नाही पाहिजे. मागच्या चाकाचे स्पोक चिमटीत धरून छेडा. एका बाजूचे सगळे साधारण एकाच सुरात वाजायला हवेत. उजवीकडचे जास्त उंच सुरात वाजतील, ते बरोबर आहे. फ्रीव्हीलला जागा द्यायला हबाची ती कड आत सरकवलेली असते, म्हणून रिम मधोमध राहायला उजव्या स्पोकना जास्त ताण द्यावा लागतो. मागचे स्पोक बहुतेक वेळा उजवीकडचेच का तुटतात, हे कोडंही यातच सुटतं. हे सगळं होईपर्यंत दुकानदार जरा वैतागेल. वैतागू द्या.

तर तुमच्या दोन सायकलींपैकी, न बघता सांगायचं तर, दुसरी घ्या. रिम अ‍ॅलॉयची नसेल तर पाच-सातशे जास्त देऊन तसली मागा. आणि तिसरी एक विचारा : पुढे साधा फोर्क, मागे फक्त सहा-सात गिअर, मडगार्ड आणि कॅरिअर असलेली, आणि रंग पोपटी. असली सायकल दुकानात मागच्या रांगेत असते. पुढच्या रांगेत शॉकअपवाल्या लावतात. मडगार्ड आणि टायर यांच्यात मात्र एक बोट फट हवी. पांदणीतला चिखल तिथेच थापला जातो आणि मग चाक फिरत नाही, काटकी घेऊन उकरत बसावं लागतं.

पैशांबद्दल दोन गोष्टी. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा भाव विचारताना हे लक्षात असू द्या आणि पक्कं बिल घ्या. आणि मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या १२५ तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या, शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. आपल्या जिल्ह्यातले काही तालुके त्यात आहेत. तुमचं गाव त्यात बसतं का, ते खरेदी करण्याआधी मुख्याध्यापकांना विचारून घ्या.

शेवटी एक काम, जे जवळपास कोणीच करत नाही. नव्या चाकाचे स्पोक पहिल्या काही आठवड्यांत आपापल्या जागी बसतात आणि किंचित सैल होतात. सायकल कुठलीही घ्या, महिना झाला की ती एकदा परत नेऊन स्पोक आवळून आणि आउट काढून घ्या.